मोटर चालू आहे तोवर

ताईला दिसेनासे झाले त्याला काही वर्षे झाली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, दवाखान्याच्या खेपा तरी थांबतील." तिने तो विषय तिथेच संपवला, आणि आम्हीही पुन्हा काढला नाही.

ती माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. माहेर आमचे देवासचे. दोघींनाही उज्जैनमध्येच दिले, तिला आधी, मला बऱ्याच वर्षांनी. ती फ्रीगंजमध्ये तिच्या मुलाकडे राहते, मी नानाखेड्याला माझ्या मुलाकडे. दर मंगळवारी मी तिच्याकडे जाते. चहा होतो, थोडे भांडण होते, मी परत येते.

मागच्या उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी ती म्हणाली, "तू लिही."

"काय लिहू?"

"मी सासरी आल्यानंतर देवासच्या घरात काय काय झालं ते. आई जाईपर्यंतचं."

"त्यात लिहायचं काय? सांगते ना."

"सांगशील तर मी मध्ये बोलेन. मी बोलले की तू चिडशील. मग चहा येईल. आजवर हेच चाललंय. कागदावर आण आणि वाच. वाचताना तुला गाडी दुसरीकडे वळवता येणार नाही."

यामागची गोष्ट अशी. आई गेली तेव्हा ताई बाळंतीण होती, पहिली खेप, आई आजारी म्हणून सासरीच. बाळंतिणीला अशी बातमी सांगत नसत. देवास ते उज्जैन बसने तासा-दीड तासाचे अंतर, पण तिला कळवले ते सव्वा महिन्याने. तोवर सगळे उरकले होते. आत्याने तिला जवळ घेऊन सांगितले की तुझे नाव घेतच आईने प्राण सोडला. आत्या त्या दिवशी देवासला नव्हती, आणि हे ताईला पुढे कळले. पण तेव्हापासून तिने मला कधी सरळ विचारले नाही. मी घरातच होते. चौथीत होते.

त्या मंगळवारी तिने विचारले. म्हणजे विचारलेही नाही. म्हणाली, "शेवटी तिने माझी आठवण काढली का, ते येऊ दे त्यात. जे असेल ते."

उत्तर मला तेव्हाही माहीत होते. मी म्हटले, "लिहून आणते."

लिहिण्याशी माझा संबंध फार नव्हता. आई गेली आणि पाचवीनंतर शाळा सुटली, घरात स्वयंपाकाला कोणी नव्हते. शाळाही हिंदी. मराठी घरात बोलत होते म्हणून आली, आणि अक्षरे तीच म्हणून वाचता आली. पुढे मिळेल ते वाचले. पण वाचणे निराळे आणि लिहिणे निराळे, हे पहिल्याच दिवशी कळले. 'आमचे घर' एवढे लिहून मी तासभर बसले आणि मग उठून भात टाकला.

आमच्या महिला मंडळात एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांचे लिहिण्याच्या सवयीवर एक भाषण ठेवले होते. मी गेले. त्या म्हणाल्या, रोजची वेळ ठरवा, जागा ठरवा, दार बंद करा आणि सुचायची वाट न बघता लिहा. मागून कोणीतरी विचारले, "दार बंद केल्यावर बेल वाजली तर उघडायचं कोणी?" सगळ्या हसल्या. प्राध्यापिकाबाईही हसल्या. नंतर चहाच्या वेळी त्यांनी मला विचारले, "तुम्ही काय लिहिताय आजी?"

"बहिणीला वाचून दाखवायला लिहितेय."

"म्हणजे आत्मकथन."

"नाही, घरातलं."

त्यांचे ऐकून मुलाला सांगितले. त्याने फ्रीगंजमधून टेबल आणले, वर दिवा लावून दिला. मी सकाळी नऊला टेबलाशी बसायला लागले. बसले की सून विचारायची, "आई, आप फ्री हैं ना? ज़रा दूध देख लेंगी?" टेबलाशी बसलेली बाई रिकामी दिसते. दूध बघून येईपर्यंत मी कुठे होते ते विसरायचे. पंधरा दिवसांत टेबलावर इस्त्रीचे कपडे आले. मग मिक्सर आला. टेबलावर मलाही काही सुचत नव्हते. दिवा तोंडावर पडला की आपण परीक्षेला बसलोय असे वाटायचे.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. पहाटे येतो, प्रेशर कमी. मोटर लावून गच्चीवरची टाकी भरावी लागते आणि मोटरपाशी कोणीतरी बसावे लागते, कारण पाणी मध्येच गेले आणि मोटर कोरडी चालली तर जळते. एकदा जळलीही आहे. हे काम माझे. म्हाताऱ्या माणसाला झोप नसते, म्हणून ते आपोआप माझ्याकडे आले. जिन्याखाली एक स्टूल आहे, त्यावर बसायचे आणि आवाज ऐकायचा. पाण्याने भरलेली मोटर जड आवाज करते. पाणी गेले की आवाज पातळ होतो.

एका पहाटे मी वही तिथे नेली. गुडघ्यावर ठेवली आणि लिहायला लागले. मोटर बंद होईपर्यंत दोन पाने झाली. त्यात विशेष काही नव्हते. परसातली विहीर, धुण्याचा दगड, वडिलांचे कचेरीतून येणे. पण दोन पाने झाली.

मला वाटते कारण अगदी साधे होते. तासभर मला कोणी हाक मारत नव्हते. "आई कुठे आहेत?" "पानी भर रही हैं." एवढ्यावर प्रश्न संपतो. बाई लिहितेय म्हटले तर चार जण चार कामे सांगतात. बाई पाणी भरतेय म्हटले तर कोणी जवळसुद्धा येत नाही, न जाणो बादली उचलायला लावेल. सवय लावायची तर आधी अशी जागा शोधावी जिथून आपल्याला उठवण्यात कोणाचाच फायदा नाही. हे मंडळातल्या भाषणात नव्हते, पण प्राध्यापिकाबाईंचे घर मोठे आहे आणि त्यांच्याकडे पाणी दोन्ही वेळा येते.

दुसरी गोष्ट आपोआप झाली. मोटरचा आवाज पातळ झाला की उठावेच लागायचे. वाक्य अर्धे असेल तर अर्धे. आधी राग यायचा. मग लक्षात आले की अर्धे वाक्य टाकून उठले की पुढच्या वेळी सुरुवात शोधावी लागत नाही. पूर्ण करून उठले की पुढच्या खेपेला पुन्हा 'आमचे घर'.

मंगळवारी ई-रिक्शाने फ्रीगंजला जायचे. सगळीकडे रस्ते खणून ठेवलेले, रिक्शावाला दर खेपेला नव्या गल्लीतून न्यायचा. ताई पलंगावर पाय पसरून बसलेली असायची. मी वाचायचे. मध्ये बोलणार नाही असे तिने कबूल केले होते. ते तिने पहिल्या पानापर्यंत पाळले.

"विहिरीला रहाट दोन होते," ती म्हणाली.

"मी लिहितेय त्या वर्षी एकच होता. एक मोडला."

"कसा मोडला?"

"तू गेल्यावर शेजारच्या काकूंनी मोडला."

"काकूंनी? त्यांना तर घागर उचलवत नसे."

"म्हणूनच मोडला. त्या लटकल्या."

ताई बराच वेळ हसली. मग म्हणाली, "हे लिही ना. विहीर होती, दगड होता, हे काय लिहितेस? विहीर मी बघितलीय."

तिचे बरोबर होते. तिला ठाऊक नव्हते तेच लिहायचे होते. त्यानंतर मी काकू लिहिल्या, वडिलांचे चिडणे लिहिले, आईने शिवणाचे मशीन घेतले आणि ते कसे परत गेले ते लिहिले. आषाढ-श्रावणात धरण भरले, पाणी रोज यायला लागले आणि माझे लिहिणेही रोजचे झाले. कधी एक पान, कधी चार ओळी. चार ओळींच्या दिवशीही मी बसायचेच, नाहीतरी मोटर सोडून जाणार कुठे?

भाद्रपदात मी आईच्या आजारापर्यंत पोचले. खोकला, वैद्य, मग सरकारी दवाखाना. ताई आता मध्ये बोलेनाशी झाली होती. वाचून संपले की विचारायची, "एवढंच?" मी म्हणायचे, "या आठवड्याचं एवढंच."

मग नवरात्र आले आणि मी एक मूर्खपणा केला.

आमच्याकडे नवमीला घरातली पुस्तके, वह्या, हत्यारे पुजायला मांडतात. पाटीवर सरस्वती काढतात. दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्या वस्तूंना हात लावत नाहीत, लिहीत-वाचत नाहीत. इतकी वर्षे माझी वस्तू म्हणून मी विळी ठेवायचे. या वेळी वही ठेवली. मला बरे वाटले होते, ते नाकारत नाही. मुलाने लॅपटॉप ठेवला. सुनेने शिवणाची कात्री ठेवली. वहीला हळदकुंकू लागले, झेंडूचे फूल वाहिले.

दसऱ्याला दुपारी मुलाने लॅपटॉप उचलला, त्याच्या कंपनीला दसरा कळत नाही. कात्री संध्याकाळी गेली. वही राहिली. सोने द्यायला आलेल्या लोकांनी तिला नमस्कार केला. शेजारीण म्हणाली, "माताजी, आपने ग्रंथ लिखा है?" मी म्हटले, "नाही, काकू रहाटाला लटकल्या ते लिहिलंय." तिला वाटले मी विनयाने बोलतेय.

सून इकडची, माळव्यातली. फार श्रद्धेची आणि फार टापटिपीची. तिने दुसऱ्या दिवशी वही लाल कापडात बांधली आणि देवघरात पोथीशेजारी ठेवून दिली. मी पहाटे घ्यायला गेले तर म्हणाली, "आई, बिना नहाए मत छूना. पूजा की चीज़ है."

नळ पहाटे येतो. पहाटे अंघोळ करायला पाणी कुठून आणायचे, टाकी तर रिकामी असते. मग मी ठरवले की अंघोळ करून दुपारी घेईन. दुपारी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोटरपाशी बसून मी मेथी निवडायला लागले. मेथीही निवडून होत होती आणि ती कोणाला वाचून दाखवायची नव्हती.

मंगळवारी रिकाम्या हाताने गेले. ताईने आवाजावरून ओळखले. पिशवी ठेवल्याचा आवाज झाला नाही.

"वही?"

"देवघरात आहे."

"देवघरात काय करतेय?"

मी सांगितले. ती म्हणाली, "दसऱ्याचं निमित्त बरं सापडलं तुला. पुढे आई मरायची होती ना."

मी म्हटले, "सूनबाईंनी बांधून ठेवली, मी काय करू?"

"सुनेला पुढे करू नकोस. तिने बांधली तेव्हा तुला सुटल्यासारखं झालं की नाही, ते सांग."

मी चहा प्यायले आणि घरी आले.

दिवाळीच्या आधी ताईचा मुलगा फराळ घेऊन आमच्याकडे आला. चहा घेताना म्हणाला, "मावशी, आम्ही बंगळूरला शिफ्ट होतोय. संक्रांतीच्या सुमारास. मकान का सौदा हो गया है. आईला अजून नीट सांगितलं नाहीये, पण तिला कळलं असेल."

तिला कळलेच होते. दुसऱ्या दिवशी मी गेले तर म्हणाली, "फोनवर मला काही ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. तिथे गेल्यावर तू काय वाचणार आणि मी काय ऐकणार? जे आणायचंय ते त्याआधी आण. नाहीतर राहू दे. पण राहू द्यायचं तर तसं सांग, मी मंगळवारी वाट बघत बसणार नाही."

ती रागावली नव्हती. तिला फक्त ठरवायचे होते.

लक्ष्मीपूजनाला आम्ही नवी केरसुणी पुजतो. तिलाही हळदकुंकू, तिलाही फूल. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच केरसुणीने घर झाडतो, कुंकू लागलेल्या केरसुणीनेच. मी झाडत होते. सून मागे रांगोळीचे डबे घेऊन उभी होती. मी झाडता झाडता देवघराशी गेले, लाल कापड सोडले आणि वही घेतली.

"आई, नहाई नहीं हो," ती म्हणाली.

"ही केरसुणी काल पुजली ना आपण?"

"हाँ."

"मग आज झाडतोय ना?"

तिने रांगोळीचे डबे खाली ठेवले. म्हणाली, "झाड़ू तो झाड़ू है."

"वही पण वही आहे," मी म्हटले. "कापड घे, चांगलं आहे, ब्लाउजला अस्तर होईल."

तिला ते पटले असे मला वाटत नाही. पण कापड घेतले.

मग मी दुसरा मूर्खपणा केला. संक्रांत जवळ होती म्हणून सगळे एकदम लिहून टाकायचे ठरवले. एका दुपारी जेवण झाल्यावर बसले ती दिवेलागणीपर्यंत. टेबलावरचा मिक्सर खाली ठेवून, दिवा लावून. हाताचा अंगठा सुजला. जे लिहिले त्यात आई देवीसारखी झाली होती आणि मी शहाणी झाले होते. दुपारभर हुंदके देत लिहिलेले दुसऱ्या दिवशी वाचवत नाही. ती पाने मी फाडली आणि पुन्हा स्टुलावर गेले. थंडी होती, शाल घेऊन बसायचे. मोटर चालू आहे तोवर लिहायचे, बंद झाली की उठायचे. संक्रांतीच्या आत होईल तेवढे होईल.

दवाखान्याचे लिहिले. आईला घरी आणले ते लिहिले. मी भात करायला शिकले ते लिहिले, कारण ते त्याच आठवड्यातले. आणि एका पहाटे शेवटच्या दिवसापर्यंत आले. त्या पहाटे मी लिहिले, 'आईने ताईचे नाव घेतले.'

मोटर चालू होती. मी पुढे काही लिहिले नाही. ओळ तशीच ठेवून उठले.

ताई चौऱ्याऐंशीच्या घरात. दिसत नाही. घर विकले गेलेय, परक्या गावी चाललीय. ही एक ओळ तिला दिली तर कोणाचे काय जाते, असा विचार मी दिवसभर केला. कोणी साक्षीदार नाही. दुसऱ्या पहाटे वही उघडली आणि सवयीप्रमाणे मागची दोन पाने वाचून पाहिली. काकू, रॉकेल, वैद्याची पुडी, कच्चा राहिलेला भात, आणि मग ती ओळ. ती माझी वाटेना. आत्याची वाटली. इतके महिने रोज जे झाले तेच लिहिल्यावर ती एकच ओळ वेगळी दिसत होती. ताईलाही ती वेगळी ऐकू आली असती, तिचे कान अजून चांगले आहेत, फोनवर नसले तरी. मी ती खोडली आणि जे झाले ते लिहिले. चार ओळी झाल्या.

संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी गेले. घरात खोके रचलेले. ताईचा पलंग तेवढा जागेवर होता. तिच्या मुलाने मला खुर्ची मोकळी करून दिली आणि तो आत भांडी बांधायला गेला.

मी वाचले. आई मधल्या खोलीत होती. संध्याकाळ झाली होती, वडील यायचे होते. दूधवाला येऊन गेला होता. आईने विचारले, दूध तापवलेस का. मी म्हटले, तापवले. ती म्हणाली, झाकण ठेव, मांजर येते. मी झाकण ठेवून आले तर तिने भिंतीकडे तोंड केले होते. त्यानंतर ती बोलली नाही. वडील आले तेव्हा त्यांनी पाहिले.

"एवढंच," मी म्हटले.

आत भांड्यांचा आवाज होत होता. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "कुठलं मांजर? शेजारचं, करडं?"

"हो."

"ते होतं तेव्हा? मी असतानाच म्हातारं झालं होतं."

"होतं. आईनंतरही होतं."

"आणि झाकण ठेवलंस?"

"ठेवलं."

"नीट? वर वाटी ठेवली होतीस? ते नुसतं झाकण पाडायचं."

"वाटी ठेवली होती."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिने कोणाचंच नाव घेतलं नाही."

"नाही. माझंही नाही."

"तू तर समोरच होतीस. तुझं कशाला घेईल?" ती म्हणाली. पुढे जरा थांबून, "आत्याने उगाच सांगितलं. मी त्या नावावर इतकी वर्षं रडले. मला वाटायचं, ती हाक मारत राहिली आणि मी तिथे पलंगावर लाडू खात होते."

"हाक मारली नाही," मी म्हटले.

"ऐकलं मी." तिने पायावरची शाल सारखी केली. "परत वाच. दूधवाल्यापासून."

मी पान उलटले. तिचा मुलगा दारात आला, हातात दोरी होती. "मावशी, यह पलंग भी आज ही खोल दें क्या? गाडी सकाळी येतेय."

ताई त्याच्या दिशेने म्हणाली, "थांब जरा. मी ऐकतेय."

मी दूधवाल्यापासून वाचायला लागले.